एसओपीमध्ये आत्मविश्वास किती आणि कसा दाखवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव यवतमाळ जिल्ह्यात. डिसेंबरात अमेरिकेतल्या विद्यापीठांत पर्यावरण अभियांत्रिकीच्या पीएचडीसाठी अर्ज करायचे आहेत, त्यांच्यासोबत एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे आपलं काम आणि हेतू सांगणारं निवेदन) द्यायची आहे. सीजीपीए ७.६, तिसऱ्या सत्रात एक केटी (नापास होऊन पुन्हा द्यावा लागलेला पेपर), पाण्यातल्या फ्लोराइडवर बी.टेक.चा प्रकल्प. सिनियर म्हणतात, ‘बिनधास्त लिही, तिकडे सगळे स्वतःची जाहिरातच करतात.’ कॉलेजचे सर म्हणतात, ‘नम्र राहा, प्राध्यापकांना शहाणपणा केलेला आवडत नाही.’ दोन मसुदे झाले. एक वाचताना लाज वाटते, दुसरा वाचताना स्वतःचीच कीव येते. सूर नक्की कुठे लावायचा?

दोन्ही मसुदे वाचले. वरून अगदी उलटे दिसले तरी दोघांचं दुखणं एकच आहे. पहिल्यात तुम्ही वाचणाऱ्याला सांगताय की मला हुशार समजा, दुसऱ्यात सांगताय की मला सांभाळून घ्या. दोन्हीकडे तुम्ही निकाल मागताय, आणि ज्याच्यावर निकाल द्यायचा ते काम मात्र चार ओळींत उरकलंय. सूर थोडा चढवून किंवा उतरवून हे सुटणार नाही. जेवढा दावा तेवढाच पुरावा त्याच्या शेजारी ठेवला, की सूर बऱ्यापैकी आपोआप जागेवर येतो. म्हणायला सोपं, करायला किचकट, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

आधी वाचणारं कोण असतं ते डोळ्यांसमोर आणा. मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकी शिकवत होते आणि बरीच वर्षं विभागाच्या प्रवेश समितीवर होते. समिती म्हणजे त्याच विभागातले तीन-चार प्राध्यापक. डिसेंबरात अर्ज येतात तेव्हा त्यांचे स्वतःचे पेपर तपासायचे असतात, जानेवारीत नवं सत्र सुरू होतं, आणि त्यातून वेळ काढून ते हा ढीग वाचतात. पहिल्या वाचनात एका अर्जाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. पीएचडीच्या विद्यार्थ्याची फी आणि दरमहाचा स्टायपेंड बहुतेक वेळा विभागाकडून नाहीतर एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधन अनुदानातून जातो, तोही चार-पाच वर्षं. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनातला प्रश्न सरळ व्यवहाराचा असतो: सहा महिने प्रयोग फसत राहिला तर ही मुलगी काय करेल? आकडा चुकीचा आला तर तिच्या लक्षात येईल का, आणि लक्षात आलं तर ती आम्हाला सांगेल का? ‘मी अत्यंत जिद्दी आणि मेहनती आहे’ या वाक्यात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. ते वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे नजर त्याच्यावर थांबतही नाही.

आपल्या मुलांचा सूर जिथे घसरतो त्याचं मूळ शाळेत आहे, असं माझं ठाम मत झालंय. आपल्याला अर्ज म्हणून जे शिकवतात तो विनंतिअर्ज असतो. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करते की’ इथपासून ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’ इथपर्यंत. त्या साच्यात देणारा वर बसलेला असतो आणि मागणारा खाली उभा असतो. बोनाफाईड, फी माफी, हॉस्टेल, सगळीकडे तो साचा चालून जातो. मग एसओपी लिहायला बसलं की तोच इंग्रजीत उतरतो: ‘आपल्या नामांकित विद्यापीठात’, ‘संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करीन’, ‘माझ्या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा’. तिकडचा प्राध्यापक हे वाचून अवघडतो. तो पुढची पाच वर्षं ज्या माणसाबरोबर रोज वाद घालायचा आहे तो माणूस शोधत असतो, आणि समोर हात जोडून उभं राहिलेलं कुणीतरी येतं. सिनियर मंडळींना हा साचा खटकतो हे बरोबरच आहे, पण त्यातून सुटायला ते थेट जाहिरातीकडे धावतात. साचा तोच राहतो, फक्त मागणारा आता मोठ्या आवाजात मागतो.

आता तुमच्याच प्रकल्पाकडे येते, कारण सगळं तिथेच आहे. इंग्रजीतली वाक्यं इथे मराठीत देते.

पहिल्या मसुद्यात तुम्ही लिहिलंय: ‘यवतमाळ जिल्ह्यातील फ्लोराइडच्या गंभीर समस्येवर मी एक अभिनव आणि किफायतशीर उपाय विकसित केला.’ पुढे तुरटी आणि चुना वापरल्याचं वाचलं आणि मी थबकले. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडरने फ्लोराइड काढायची ही नालगोंडा पद्धत, नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात विकसित केलेली. आपल्या क्षेत्रात फ्लोराइडवर काम करणाऱ्या कुठल्याही प्राध्यापकाला ती माहीत असते. ‘अभिनव’ हा एकच शब्द वाचून तो दोनपैकी एक निष्कर्ष काढेल: हिने आधीचं काम वाचलेलं नाही, किंवा वाचून दडवलंय. दोन्ही वाईट. विशेषणाने तुमचं काम मोठं झालं नाही, उलट खरं होतं त्याच्यावरही संशय आला.

दुसऱ्या मसुद्यात तेच काम असं आलंय: ‘आमच्या गटाने माननीय सरांच्या मार्गदर्शनाखाली फ्लोराइड निर्मूलनाचा छोटासा प्रयत्न केला. मोजमापात काही अडचणी आल्या, परंतु त्यावर मात करण्यात आली.’ कुणी मात केली? कसली अडचण? मी तुम्हाला मेसेज करून हे विचारलं आणि तुम्ही जे उत्तर पाठवलंत ते दोन्ही मसुद्यांपेक्षा कितीतरी वरचं होतं. माझ्या मते तुमच्या अर्जाचा गाभा तोच आहे. तुमच्याच शब्दांतून जुळवलेला परिच्छेद हा:

‘गावातल्या विहिरीच्या पाण्यात लिटरला ४.२ मिलिग्रॅम फ्लोराइड होतं. नालगोंडा पद्धतीत तुरटीची मात्रा बदलून आम्ही जार टेस्ट केल्या, म्हणजे वेगवेगळ्या भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून पाहिली. चौघांच्या गटात मोजमाप माझ्याकडे होतं. एका मात्रेला फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडने ०.६ दाखवलं. एवढ्या तुरटीला हे फारच चांगलं होतं, म्हणून मी मोजमाप तपासायला घेतलं. प्रक्रियेनंतर पाण्यात उरलेलं ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवत होतं आणि इलेक्ट्रोडला फक्त मोकळं फ्लोराइड दिसत होतं. ॲल्युमिनियमला बांधून फ्लोराइड मोकळं करणारा टिसॅब बफर वापरून तेच नमुने पुन्हा मोजले. आकडा १.९ निघाला, म्हणजे भारतीय मानकातल्या १.५ या कमाल मर्यादेच्या वर. अहवालात आम्ही हाच आकडा दिला.’

यात एकही विशेषण तुमच्याबद्दल नाही. उपाय यशस्वी झाला असाही दावा नाही, उलट तो पुरेसा ठरला नाही असं स्पष्ट म्हटलंय. तरी हा परिच्छेद वाचून मी म्हणेन, या मुलीला बोलवा. चांगला आलेला आकडा संशयाने तपासणारा विद्यार्थी मिळणं किती कठीण असतं हे प्रयोगशाळा चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. ‘मी चिकित्सक वृत्तीची आहे’ असं तुम्ही दहा वेळा लिहिलं असतं तरी हे पोचलं नसतं.

‘चौघांच्या गटात मोजमाप माझ्याकडे होतं’ या वाक्याकडे नीट बघा. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणायची मुलांना, त्यातही मुलींना, फार भीती वाटते. घरात शिकवलेलं असतं की आपणच आपली स्तुती करू नये. मग सगळं ‘आम्ही’त नाहीतर ‘करण्यात आलं’मध्ये लपतं आणि वाचणाऱ्याला कळतच नाही की पाच पानी अहवालात तुमचा हात कुठे लागला होता. दुसरीकडे गटाचं सगळं काम ‘मी’वर घेणारेही भरपूर भेटतात, आणि ते शिफारसपत्रात लगेच उघडं पडतं. काम वाटलेलं होतं तसंच लिहायचं. नमुने गोळा करायला दोघं गेली, जार टेस्ट तिसऱ्याने लावल्या, मोजलं मी. इतकं स्वच्छ लिहिणाऱ्या माणसाच्या ‘मी’वर विश्वास बसतो, कारण त्याने दुसऱ्यांचा वाटा दुसऱ्यांना दिलेला असतो.

याची एक चाचणी मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना करायला लावते. एसओपी घेऊन प्रकल्पातल्या जोडीदारासमोर बसा आणि मोठ्याने वाचा. जिथे तो ‘ए, हे तू कुठे केलंस?’ म्हणेल ते वाक्य कापा. जिथे तो म्हणेल, ‘अगं, यापेक्षा जास्त केलं होतंस की’, तिथे वाढवा. घरच्यांसमोर वाचून उपयोग नाही, त्यांना सगळंच आवडतं. करिअर कौन्सेलरला तुमच्या प्रयोगशाळेत काय घडलं ते माहीत नसतं. जोडीदाराला माहीत असतं.

झालेल्या कामाचा आणि पुढच्या इराद्याचा सूर वेगळा ठेवा, हे फार कमी जण करतात. झालेलं काम सपाट, ठाम वाक्यांत यावं: मोजलं, निघालं, दिलं. ‘मला वाटतं मी मोजलं’ असं कुणी म्हणत नाही, पण तुमच्या दुसऱ्या मसुद्यात ‘थोडंफार शिकायचा प्रयत्न केला’ पाच ठिकाणी आहे. ते सगळं काढा. झालेल्या कामावरून तुम्ही काढलेला अर्थ मात्र मापात हवा. एका विहिरीच्या पाण्यावरून ‘ही पद्धत ग्रामीण भारतासाठी अयोग्य आहे’ असं म्हणू नका. ‘आमच्या नमुन्यांत फ्लोराइड मर्यादेखाली आणताना पाण्यात ॲल्युमिनियम किती उरतं, हा प्रश्न मला त्यातून पडला’ एवढं पुरे. आणि पुढे काय करायचंय ते नेमकं असावं, पण बंद झालेलं नसावं. ‘घरगुती पातळीवरच्या प्रक्रियेत फ्लोराइड आणि उरलेलं ॲल्युमिनियम दोन्ही एकत्र कसे वागतात यावर काम करायला आवडेल, पाण्याच्या रसायनशास्त्रातला जवळचा दुसरा प्रश्नही चालेल’ असं लिहिलं की तुम्हाला दिशा आहे आणि शिकायची तयारीही आहे हे कळतं. ‘मी भारताची पाणी समस्या सोडवणार आहे’ असं लिहिणाऱ्याकडे प्रश्नच नसतो.

केटीचं म्हणाल, तर पहिल्या मसुद्यात तिचा उल्लेखच नाही आणि दुसऱ्यात अख्खा परिच्छेद आहे: वडिलांचं आजारपण, बदललेला अभ्यासक्रम, कठीण निघालेला पेपर. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणपत्रकावर, ती दिसणारच आहे, त्यामुळे गप्प राहणं बरं नाही. पण तिच्यासाठी दोन वाक्यं पुष्कळ झाली. ‘तिसऱ्या सत्रात वडील आजारी असताना माझा फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर राहिला. पुढच्या सत्रात तो सुटला आणि त्यानंतर हायड्रॉलिक्स आणि जलशुद्धीकरण या दोन्ही विषयांत मला ए ग्रेड आहे.’ कारण सांगितलं, पुढे काय झालं ते सांगितलं, संपलं. परीक्षकाला, अभ्यासक्रमाला दोष देऊ नका आणि माफीही मागू नका. ७.६ सीजीपीएला अमेरिकेतल्या ४ पैकीच्या मापात बसवायची खटपटही नको. फॉर्ममध्ये वेगळं काही सांगितलेलं नसेल तर आहे तसं, १० पैकी लिहा. आपल्याकडची गुणपद्धती वाचायची त्यांना सवय असते.

शिफारसपत्रांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण अर्जाचा सूर सगळ्यात जास्त तिथे बिघडतो आणि विद्यार्थ्यांचं तिकडे लक्षच नसतं. बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात. आपल्याकडे सर सर्रास सांगतात, ‘तूच लिहून आण, मी अपलोड करतो.’ हे करू नका. एक तर ते खोटं आहे. शिवाय तिन्ही पत्रं आणि एसओपी एकाच हातची वाटतात, एकाच जागी फुगलेली आणि एकाच जागी लाजलेली, आणि समितीला ते पटकन कळतं. सरांना नाही म्हणणं अवघड आहे हे मला कळतं. त्यांना पत्र नेऊन देऊ नका, एक पानभर टिपण द्या: कुठलं काम त्यांच्यासमोर केलंत, कधी, त्यात काय निघालं. तो ०.६ आणि १.९ चा प्रसंग त्यात असू दे. सरांना तो आठवला, तर ‘ही विद्यार्थिनी कष्टाळू आणि सुस्वभावी आहे’ याच्या जागी पत्रात एक खरी घटना येईल.

मुलींच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं आहे. २०१६ साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये एक अभ्यास छापून आला होता. भूविज्ञानातल्या पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) जागांसाठी ५४ देशांतून आलेली १,२२४ शिफारसपत्रं तपासली, तेव्हा ‘उत्कृष्ट’ म्हणावं असं पत्र मिळायची शक्यता स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांच्या निम्मीच निघाली. पत्र लिहिणाऱ्या पुरुषांच्या आणि बायकांच्या पत्रांत याबाबत फरक नव्हता. आपल्याकडच्या पत्रांत ‘आज्ञाधारक’, ‘शांत’, ‘सर्वांशी मिळून-मिसळून वागणारी’ हे मुलींबद्दल प्रेमानेच लिहिलं जातं, पण संशोधनाच्या जागेसाठी त्याला काहीच वजन नसतं. म्हणून ते टिपण द्यायला लाजू नका. त्यात बढाई नाही, पत्र लिहिणाऱ्याला लागणारी माहिती आहे. आणि फॉर्ममध्ये पत्र वाचायचा हक्क सोडता का, असं विचारतात तिथे सोडा. १९७४च्या एका अमेरिकी कायद्याने तो हक्क तिथल्या विद्यार्थ्यांना मिळतो. सोडला नाही तर वाचणारा पत्राकडे जरा हात राखूनच बघतो.

प्राध्यापकांना ईमेल करताना पुन्हा विनंतिअर्ज होऊ देऊ नका. ‘रिस्पेक्टेड सर’ नको, ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव. स्वतःची ओळख एका वाक्यात, तुमचं काम दोन वाक्यांत, त्यांच्या अलीकडच्या शोधनिबंधातला खरोखर पडलेला एक प्रश्न, आणि येत्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का, एवढं विचारा. ‘आपल्या हाताखाली काम करणं हे माझं स्वप्न आहे’ हे शंभर प्राध्यापकांना एकाच दिवशी गेलेलं असतं आणि ते कळतं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करायला हरकत नाही, मग सोडून द्या. अनेक विभागांत निवड समिती करते, एकट्या प्राध्यापकाच्या हातात नसते, त्यामुळे गप्प राहणं म्हणजे नकार असं धरून बसू नका.

चॅटजीपीटीबद्दल तुम्ही विचारलंय. व्याकरण तपासायला वापरा, विद्यापीठाने मनाई केलेली नसेल तर. पण ‘आत्मविश्वासपूर्ण कर’ असं सांगून परिच्छेद त्याच्याकडे दिलात, की ‘मोजमाप माझ्याकडे होतं’चं ‘मी या संपूर्ण विश्लेषणाचं नेतृत्व केलं’ होऊन परत येतं. तुमचं एकमेव बलस्थान, म्हणजे मापात बोलणं, तेच त्यात पुसलं जातं.

जर्मनीचा विचार असेल तर तिथलं मोटिव्हेशन लेटर याहूनही कोरडं असू दे. मास्टर्सच्या अर्जात त्यांना बघायचं असतं की तुमचे कुठले विषय त्यांच्या अटींशी जुळतात आणि हाच अभ्यासक्रम का. आयुष्याची कहाणी तिथे नको. अमेरिकेत काही ठिकाणी, उदाहरणार्थ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बऱ्याच शाखांत, जडणघडणीबद्दल वेगळं निवेदन मागतात. तिथे गावचं पाणी, घरातल्या माणसांचे फ्लोराइडने डागाळलेले दात, त्यातून हा विषय कसा धरलात, हे मोकळेपणाने लिहा. एसओपीत त्याला एक वाक्य द्या.

मुलाखत झूमवर होईल, आणि कागदावरचा सूर तिथे टिकला पाहिजे. एसओपीतल्या प्रत्येक वाक्यावर तीन उपप्रश्न येतील असं धरून तयारी करा. टिसॅबमध्ये काय असतं? पीएच पाचच्या आसपास का ठेवतात? ॲल्युमिनियम किती उरलं ते मोजलंत का? शेवटच्याला तुमचं उत्तर ‘नाही’ आहे. ते ‘नाही’ तसंच म्हणा आणि लगेच सांगा की मोजायचं झालं तर कसं मोजाल. ‘नाही’ म्हणताना हसू नका, सॉरी म्हणू नका. ज्या मुलांना इथवर येऊन नकार मिळताना मी पाहिलंय, त्यातल्या बऱ्याच जणांनी न केलेलं काम केल्यासारखं बोलायचा प्रयत्न केला होता.

तारखांचं बघा. बरेच अर्ज १ आणि १५ डिसेंबरला बंद होतात. पत्रांसाठी सरांना ऑक्टोबरात भेटा, टिपण त्याच दिवशी द्या. आणि पुढची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण तेव्हा घाईत कुणी विचारत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या विद्यापीठाने आर्थिक मदतीसह जागा देऊ केली, की आपल्याकडची मुलं हातची जाईल या भीतीने तासाभरात ‘हो’ कळवून टाकतात. अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा १५ एप्रिलचा ठराव आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदत देऊ करतात, तेव्हा विद्यार्थ्याला त्या तारखेपर्यंत विचार करायची मुभा असते. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का ते बघा, आभार मानून लिहा की मी इतर निकालांची वाट बघतेय आणि अमुक तारखेपर्यंत कळवते, आणि स्टायपेंड किती महिन्यांचा आहे, आरोग्य विमा त्यात येतो का, उन्हाळ्यात पैसे मिळतात का, हे त्याच ईमेलमध्ये विचारा.